महाबळेश्वर-पाचगणी भागातील जुने घर : पाडव्यापासून पावसापर्यंत कोणती कामे उरकावीत?

वेण्णाकाठ :

सर्वांना नमस्कार. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान, मुख्य रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका गावात माझ्या आजोळचे घर आहे. मामा-मामींच्या पश्चात ते काही वर्षे बंद होते. आता निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी पुण्याचे बिऱ्हाड हलवून तेथेच कायमचे राहण्याचे ठरवले आहे आणि पाडव्याला राहायला जाणार आहोत. घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत, वर मंगलोरी कौले आहेत, पश्चिमेला उघडा माळ आहे, मागे चढ आहे आणि त्या चढाच्या पायथ्याशी एक झरा आहे, जो मामांच्या सांगण्याप्रमाणे कधीच पुरता आटत नाही. सभोवतालची जागा पंधरा गुंठ्यांच्या आसपास भरेल. तिच्यात अंजनी, जांभूळ, हिरडा आणि एक म्हातारा फणस एवढीच मोठी झाडे असून बाकी सगळी करवंदीची जाळी आणि घोट्याच्या वर येईल इतका पालापाचोळा आहे.

साफसफाईसाठी नुकतेच जाऊन आलो तेव्हा पांगारा फुलला होता, अंजनीच्या फांद्या निळ्या फुलांनी भरल्या होत्या आणि हवा इतकी सुखद होती की सौभाग्यवतींनी उभ्या उभ्या बागेचा आराखडा करून टाकला. गुलाब, हायड्रेंजिया, अव्हॅकॅडोची दोन झाडे आणि परसात भाजीपाला अशी त्यांची यादी आहे. रोपे पुण्याहून नेता येतील, परंतु ती याच दिवसांत लावावीत की थांबावे, हे समजत नाही. शेजारचे गृहस्थ पालापाचोळा पेटवून जागा मोकळी करा म्हणतात, ते मनाला पटत नाही. पश्चिमेच्या भिंतीत एका फटीतून मधमाश्यांची ये-जा चालू आहे, त्यांचे काय करावे? आणि पहिलाच पावसाळा तेथे काढायचा असल्यामुळे छपराचे आणि भिंतींचे कोणते काम आधी हाती घ्यावे? त्या भागात राहणाऱ्या मंडळींनी अनुभवाने सांगितल्यास आभारी होईन.

चिरेबंदी :

काका, आमच्या डोंगरावर आपले स्वागत. मी याच तालुक्यात जुन्या घरांच्या डागडुजीची कामे घेतो, त्यामुळे बागेपेक्षा छपराविषयी अधिक लिहिणार आहे, ते चालवून घ्यावे.

प्रथम लागवडीविषयी. या पठारावर चैत्र-वैशाख पावसाच्या तयारीत जातात, आणि झाडे लावण्यासाठी हे दोन महिने मुळीच योग्य नाहीत. हवा थंड असल्यामुळे पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना जमिनीतही ओल असेल असे वाटते, पण ऑक्टोबरात पाऊस गेल्यानंतर मार्चपर्यंत जांभ्यावरचा तो वीतभर मातीचा थर कोरडा ठाक झालेला असतो. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवत नाही, खाली सोडून देतो. आता लावलेले रोप जगवायचे तर रोज पाणी घालावे लागेल, आणि ते जगले तरी जूनमध्ये त्याला एकदम दुसऱ्या टोकाच्या परिस्थितीला तोंड द्यावे लागेल. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० ते ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या साधारण एक तृतीयांश. अंतर जेमतेम वीस किलोमीटर असले तरी मधल्या प्रत्येक गावाचा पाऊस वेगळा असतो, म्हणून आपले गाव कोणत्या टोकाला अधिक जवळ आहे, यावर बागेचे बरेच काही ठरेल. अव्हॅकॅडोच्या मुळांना साचलेले पाणी सहन होत नाही. महाबळेश्वरच्या बाजूला असाल तर तो नाद सोडून द्यावा.

या दिवसांत करण्याजोगे काम म्हणजे खड्डे. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे आताच पहारीने काढून उन्हात तापू द्यावेत आणि मे अखेरीस वरची माती, कुजलेले शेणखत आणि पाला घालून भरावेत. भराव जमिनीच्या वर वीतभर उंच ठेवावा, म्हणजे तो पावसाने बसला तरी बुंध्याशी डबके होत नाही. रोप एक तर मृगाच्या पहिल्या सरींवर लावावे, नाही तर जोराचा पाऊस ओसरल्यावर भाद्रपदात. आमच्याकडचे शेतकरी स्ट्रॉबेरीची लावण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करतात, त्याचे कारणही हेच आहे.

आता छप्पर. कौले चाळण्याचे, म्हणजे उतरवून साफ करून पुन्हा बसवण्याचे, काम वैशाखात करतात, पण गडी पाडव्यालाच ठरवून ठेवावा लागतो. चैत्र-वैशाखात एकेका गावची यात्रा असते, मुंबईला माथाडी कामावर असलेली माणसे गावी येतात आणि यात्रेच्या आठवड्यात कोणीही दुसऱ्याच्या छपरावर चढत नाही, हे गृहीत धरूनच दिवस ठरवावेत. सगळे छप्पर एकदम उघडू देऊ नये. वळवाचा पाऊस सांगून येत नाही आणि कधी कधी गाराही पडतात, म्हणून एक पाखे, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, पूर्ण करून मगच दुसऱ्याला हात लावावा. कौले उतरली की वासे आणि रिपा टोकदार वस्तूने टोचून पाहाव्यात. भिंतीत रुतलेले वाशाचे टोक वरून धड दिसते आणि आतून वाळवीने पोखरलेले असते.

एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. फुटलेल्या कौलांच्या जागी नवी आणताना जुने कौल उलटे करून पाहावे. त्याच्या पोटावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच वेगळी असते, एकाचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि वरून एकसारखे दिसणारे छप्पर नेमके तेथेच गळते. त्याच नावाची कौले पाडलेल्या घरांतून अजून मिळतात. शंभरेक जास्तीची घेऊन ओळीने रचून ठेवावीत, कारण वानरांची टोळी आली की दोन-चार फुटतातच.

भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल, तो मानू नये. जांभा पाणी पितो आणि वाळतोही. सिमेंटने त्याचे तोंड बांधले की ओल आत राहते आणि ती घराच्या आतल्या बाजूने बाहेर पडू लागते. चिऱ्यांमधल्या दरजा चुन्याने भराव्यात. पश्चिमेची भिंत उघडी असेल तर पावसाळ्यापुरता गवताचा किंवा ताडपत्रीचा आडोसा बांबूच्या चौकटीवर बांधावा, आणि ऐपत असेल तर त्या बाजूला पडवी काढावी.

सातेरी :

मी मधपाळ आहे, म्हणून फक्त माश्यांविषयी लिहितो. भिंतीच्या फटीत घर करणाऱ्या माश्या बहुधा सातेरी जातीच्या असतात. आग्या माश्या उघड्यावर, कड्याला किंवा उंच फांदीला, एकच मोठे पोळे लावतात आणि त्यांच्यापासून दूर राहणेच शहाणपणाचे असते. सातेरी मात्र अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते आणि तिच्या वाटेत उभे राहून अडथळा केला नाही तर सहसा कोणाला त्रास देत नाही. रॉकेल ओतणे, धूर करून मारणे किंवा फट सिमेंटने बुजवणे यांतले काहीही कृपया करू नये. बुजवलेल्या फटीत मेलेल्या माश्या आणि वितळलेले मेण यांच्यामुळे मुंग्या आणि किडे येतात, आणि ती घाण नंतर भिंत फोडल्याशिवाय निघत नाही.

ही वसाहत लाकडी पेटीत हलवता येते. एखादा चिरा अलगद सैल करून पोळी एकेक कापून घेतात, ज्यांत अंडी आणि अळ्या आहेत ती पोळी पेटीतल्या चौकटींना केळीच्या सोपटाने किंवा दोऱ्याने बांधतात, राणीला हळूच आत सोडतात आणि दिवस मावळेपर्यंत पेटी भिंतीपाशीच ठेवतात, म्हणजे बाहेर गेलेल्या माश्याही परतून आत येतात. पोळे चौकटीला टेकवताना त्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण सातेरीच्या घरांची तोंडे किंचित वर उचललेली असतात आणि पोळे उलटे बांधले तर मध सांडतो. काही दिवसांत माश्या पोळे मेणाने स्वतःच चिकटवून घेतात आणि दोऱ्याचे तुकडे कुरतडून पेटीच्या दाराबाहेर आणून टाकतात, ते पाहण्यासारखे असते.

आताचा काळ त्यासाठी चांगला आहे. जांभूळ आणि हिरडा फुलावर येतात, चारा मुबलक असतो आणि पावसापूर्वी वसाहत सावरते. पेटी ठेवताना तिचे दार पूर्वेकडे करावे आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, तेथे चौकशी केल्यास जवळचा मधपाळ कळेल. मांघर हे गावही फार दूर नाही, २०२२ मध्ये त्याला मधाचे गाव म्हणून घोषित केले गेले आणि तेथे घरोघरी या कामातली माणसे भेटतात. पावसाळ्यात मात्र माश्यांना बाहेर पडता येत नाही, त्यामुळे त्यांचा सगळा मध काढून घेऊ नये.

रानहळद :

काका आणि काकू, नमस्कार. मी पाचगणीच्या बाजूला राहते. चिरेबंदीदादांचे झाडांविषयीचे मत बरोबर आहे, पण या दिवसांत काहीच लावू नका असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. काकडी, दुधी आणि घेवडा पाडव्याच्या सुमारास टोकले तर मे अखेरीपर्यंत घरापुरते खायला मिळते, अट एवढीच की वाफा लहान असावा, स्वयंपाकघराच्या जवळ असावा आणि त्यावर पाल्याचे जाड आच्छादन असावे. भांडी धुतल्याचे पाणी अळू आणि केळीकडे वळवावे. मोठ्या भाजीबागेचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नये, कारण गवे आणि रानडुकरे यांना आपल्या वाफ्याची बातमी आपल्या शेजाऱ्यांच्या आधी लागते.

काकूंच्या यादीतला हायड्रेंजिया येथे छान येतो. आमची माती आम्लधर्मी आहे आणि अशा मातीत त्याची फुले निळी होतात. तो अर्धसावलीत, उत्तरेच्या भिंतीलगत, पावसाच्या आरंभी लावावा. गुलाब कुंडीत ठेवून पावसाळ्यात वळचणीखाली घ्यावेत, अन्यथा महिनाभराच्या धुक्यात त्यांच्या पानांवर काळे ठिपके पडून सगळी पाने गळतात. मी विचाराल तर त्यांच्या यादीत तुती घालेन. याच दिवसांत ती फळावर असते, शेजाऱ्यांकडे चाखून पाहावी आणि जिची चव आवडेल तिच्या काड्या जूनमध्ये आणून खोचाव्यात.

झऱ्याविषयी काकांनी विचारलेले नाही, पण सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. पठारावर पडलेले पाणी जांभ्यातून झिरपत खाली उतरते, चिकण मातीच्या किंवा काळ्या दगडाच्या थरावर येऊन अडते आणि जेथे तो थर डोंगराच्या कुशीत उघडा पडतो तेथून बाहेर येते. म्हणून झरा मोठा करण्यासाठी त्याच्या तोंडाशी खोल खणणे किंवा वरच्या अंगाला जमीन फोडणे धोक्याचे आहे, कारण तो तळाचा थर फुटला तर पाणी भलतीकडे निघून जाते. तोंडाशी साचलेला गाळ हाताने काढावा, भोवती दगडांचे लहान कुंडे करावे आणि वर झाकण ठेवावे. चैत्रातच एकदा पाण्याचे माप घ्यावे. पंधरा लिटरची बादली भरायला पाच मिनिटे लागत असतील तर रात्रीच्या दहा तासांत अठराशे लिटर पाणी जमते, आणि दोन माणसांच्या घराला तेवढे पुरून उरते. फक्त टाकी हवी. आणि टाकी बांधण्यापूर्वी खालच्या वाडीत जाऊन विचारावे. ते पाणी पुढे कोणाच्या तरी गुरांना किंवा वाफ्यांना जात असणार, त्यांच्याशी बोलून रात्रीचे आपण आणि दिवसाचे त्यांनी अशी काही वाटणी ठरली तर पुढची कटकट टळते.

पायवाट :

पालापाचोळा पेटवण्याविषयी. कृपया पेटवू नये. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो आणि आपले घर त्या हंगामाच्या ऐन मध्यावर उघडले जाणार आहे. डोंगरात वणवा आपोआप क्वचितच लागतो. कोणी राब भाजताना (पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा जाळताना), कोणी बांध साफ करताना, तर कोणी नवीन गवत चांगले येईल या समजुतीने काडी लावतो आणि दुपारचा वारा सुटला की आग चढाने धावत सुटते. राखीव वनात आग लावणे किंवा तेथे पसरेल अशी आग पेटती सोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, हे शेजाऱ्यांना गोडीने सांगता येईल. आग दिसली तर १९२६ या क्रमांकावर वन विभागाला कळवता येते.

परंतु नुसता न पेटवलेला पाला घराभोवती तसाच पडू देणेही बरोबर नाही. पश्चिमेला माळ आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा धोका त्या बाजूने आहे. त्या हद्दीलगत दहा-बारा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून आणि पाला ओढून अगदी मातीपर्यंत मोकळा करावा, म्हणजे आपल्यापुरती जाळरेषा तयार होते. ओढलेला पाला घरापासून दूर, सावलीतल्या खड्ड्यात भरावा, प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा आणि वर माती टाकावी. पावसाळा गेला की तेच खत स्ट्रॉबेरीच्या वाफ्याला होते. छपराच्या पन्हळीत आणि कौलांच्या सांध्यांत अडकलेला पाला मात्र आजच काढावा, कारण ठिणगी उडाली तर पहिली तेथे पडते. झाडांखालचा पाला राहू द्यावा, तोच जमिनीतली ओल धरतो.

आणखी एक. करवंदीची जाळी सरसकट तोडू नये. आता ती पांढऱ्या फुलांवर असेल, मे महिन्यात करवंदे मिळतील आणि गव्यांना थोपवणारे तिच्यासारखे फुकटचे कुंपण दुसरे नाही. अधूनमधून तोरणाची काटेरी झुडपे सापडतील, तीही ठेवावीत. त्याची पांढरी फळे या दिवसांत पिकतात आणि गावातली मुले ती खायला येतील, त्यांना येऊ द्यावे.

वेण्णाकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधपाळ येऊन भिंत पाहून जाणार आहेत, आणि अव्हॅकॅडोचा विषय घरात चर्चेअंती मागे पडला आहे. दोन शंका उरल्या आहेत. परसात ऊन कमी येते, म्हणून स्वयंपाकघराजवळची एक अंजनी आणि जांभळीची एक मोठी फांदी काढावी असे वाटते. आणि घरामागच्या चढाचा थोडा भाग यंत्राने कापून गाडी ठेवण्यापुरती सपाट जागा करता येईल का? एका ठेकेदारांनी एका दिवसाचे काम आहे असे सांगितले आहे.

चिरेबंदी :

काका, एका दिवसाचे काम आहे हे खरे आहे, म्हणूनच ते करू नये. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या रात्री या पट्ट्यात ठिकठिकाणी दरडी आल्या. हा आकडा आपल्या घराला लावून पाहा. हजार चौरस फुटांच्या छपरावर एवढा पाऊस म्हणजे एका दिवसात पंचावन्न हजार लिटर पाणी, आणि ते फक्त छपराचे झाले. मागच्या चढावरचे पाणी त्याच्या कितीतरी पट असते. झाडांच्या मुळांनी धरलेला उतार उभा कापला की ते पाणी कापलेल्या कडेतून बाहेर येते, माती घेऊन. शिवाय आपण लिहिल्याप्रमाणे झरा त्याच चढाच्या पायथ्याशी आहे, म्हणजे ती कड पावसाळ्यात आतून ओलीच असणार. गाडी रस्त्याच्या कडेला, पुढच्या अंगणात ठेवावी आणि चार पावले चालावे.

त्याऐवजी ठेकेदारांकडून दुसरे काम करून घ्यावे. घर आणि चढ यांच्या मध्ये, भिंतीपासून चार-पाच फूट अंतरावर, दीड फूट खोलीचा चर काढून तो दोन्ही बाजूंनी घराला वळसा घालून ओढ्याकडे न्यावा आणि त्याच्या तळाला दगड बसवावेत. पागोळ्या जेथे पडतात तेथेही दगडांचा थर हवा, नाहीतर पायाशी खळगे पडतात. मेमध्ये वळवाची पहिली सर येईल तेव्हा छत्री घेऊन चराच्या कडेने एक फेरी मारावी, म्हणजे पाणी कोठे तुंबते ते मृगाच्या आधीच कळते.

रानहळद :

झाडांविषयी मी सांगते. हा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि स्वतःच्या मालकीच्या जागेतले झाडसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाही, त्यामुळे जांभळीच्या फांदीविषयीही आधी तलाठी आणि वन विभागाच्या कार्यालयात विचारावे. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी अंजनी काढू नये असेच मी म्हणेन. ती फार सावकाश वाढते. आपल्या परसातली अंजनी मामांच्याही आधीची असण्याचा संभव आहे, आणि स्वयंपाकघराला पश्चिमेचा वारा-पाऊस थेट लागत नसेल तर तो तिच्यामुळेच. भाजीला ऊन हवे असेल तर वाफा झाडाजवळून हलवून अंगणाच्या पूर्वेला करावा. सकाळचे चार-पाच तास ऊन घेवड्याला आणि काकडीला पुरते.

काकूंसाठी एक जोडते. कपडे, कडधान्ये, तांदूळ, काडेपेट्या आणि सरपण यांची पावसाळ्याची बेगमी वैशाखातल्या उन्हात वाळवून पत्र्याच्या डब्यांत किंवा माळ्यावर ठेवावी. जूननंतर येथे वाळवण होत नाही. सरपण चिरून ठेवावे आणि ते भिंतीला न टेकवता खाली दोन ओंडके घालून रचावे. वीज जाते तेव्हा शेगडीवर टोपले पालथे घालून त्यावर कपडे सुकवण्याची पद्धत आहे, त्यासाठी बुरुडाकडून मोठे टोपले आताच विणून घ्यावे, कारण पुढे तोही कणग्या आणि इरल्यांच्या कामात गुंतलेला असतो.